कलम १२५ मधली चौथी ओळ

१९७४ साली आमच्या भागात एक मोठी गोष्ट घडली आणि देशाच्या कायद्यात एक छोटी. मोठी गोष्ट म्हणजे कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. छोटी म्हणजे त्याच वर्षी १ एप्रिलपासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १२५ मध्ये पोटगी मागू शकणाऱ्यांच्या यादीत एक नवी, चौथी ओळ आली: वडील किंवा आई. १८९८ च्या जुन्या संहितेत हेच कलम ४८८ होतं. त्यात बायको होती, मूल होतं. आई-बाप नव्हते. इंग्रजांना ते लिहायची गरज वाटली नाही आणि आपल्यालाही स्वातंत्र्यानंतर सत्तावीस वर्षं वाटली नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाटेल. माझ्या मते तो आहे, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

आधी थोडं मागे जाऊ या. कोराडी कामठी तालुक्यात येतं. कामठीची छावणी १८२१ ची. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर नागपूर-कामठीत वसले, इथले कोष्टी विणकर तर त्यांच्याही आधीपासून होते. दोघांच्या घराची रचना सारखीच होती. पुढच्या खोलीत हातमाग, मागे चूल. धोटा घरातला तरणा माणूस मारायचा, पण कांडी भरायला, सूत उकलायला, तुटलेला धागा जोडायला म्हातारी माणसंच लागायची. नजर कमी झाली तरी बोटांना सवय असायची. त्या घरात म्हातारा माणूस एकटा पडत नसे, आणि याचं कारण सून फार प्रेमळ होती असं नाही. त्याच्या हातातली कांडी वेळेत भरली नाही तर माग थांबायचा. दिवसातून पन्नास वेळा कोणीतरी त्याला हाक मारायचंच.

शेतकऱ्याच्या घरातही तेच. राखण, गुरं, नातवंडं, आणि जमिनीचा सातबारा ज्याच्या नावावर त्याचा शब्द.

पण या जुन्या काळाचं फार कौतुक करायला मी तयार नाही. १९४१ ते १९५१ च्या दशकात भारतात जन्मणाऱ्याचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली यायची हे खरं, तरी साठी ओलांडणारेही थोडेच होते. १९५१ मध्ये साठीच्या वरची माणसं देशात जेमतेम दोन कोटी होती. २०११ च्या जनगणनेत ती दहा कोटींच्या वर गेली, आणि महाराष्ट्रात तर दर शंभरात जवळपास दहा. आजोबांना सगळं घर सांभाळायचं, असं आपण म्हणतो तेव्हा त्या काळी आजोबा मुळात किती घरांत असायचे, हेही विचारायला हवं. आणि सांभाळायची ती सूनच. बाकीचं घर बघायचं.

आता कोराडी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं. तलावाचं पाणी आणि आसपासच्या खाणींतला कोळसा पाहून ही जागा निवडली गेली. १९७४ ते १९८३ या काळात एकामागून एक सात संच उभे राहिले. जगदंबेच्या देवळासाठी ओळखलं जाणारं गाव आता धुराड्यांवरून ओळखलं जाऊ लागलं. शेजारी वसाहत आली. क्वार्टर, शाळा, दवाखाना, मैदान. विदर्भातून, खानदेशातून, परराज्यांतूनही माणसं आली. महादुल्याचा बाजार त्यांच्यावरच वाढला. ईदला शीरखुर्मा चार दारांत जायचा आणि दिवाळीचा फराळ परत यायचा, असे ते शेजार होते. नोकरी पक्की, पगार महिन्याच्या महिन्याला. त्या काळात एका गरीब घरासाठी ही केवढी गोष्ट होती हे ज्याने पाहिलं त्यालाच कळेल.

पण क्वार्टरला माग नव्हता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, नवरा-बायको आणि मुलं यांच्या मापाचं. बाप पाळीवर जायचा, म्हाताऱ्याला द्यायला घरात काम नव्हतं. गावाकडची आई दवाखान्यापुरती यायची आणि पंधरा दिवसांत, मला इथे करमत नाही म्हणून परत जायची. मग तिला मनीऑर्डर जायची. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी जागा असायची. तिथे सगळे एकच लिहीत: आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, पत्रलेखन दोन्हीकडे अभ्यासाला आहे, म्हणून मला हे जास्त जाणवतं. एवढ्याशा जागेत लिहिता येईल एवढंच नातं उरतं आणि आपल्याला वाटतं आपण ते निभावलं.

म्हणून आज महादुल्यात, कोराडीत, नागपूरच्या कडेच्या ले-आउटमध्ये जो सेवानिवृत्त माणूस एकटा राहतो, तो आपल्या मुलांकडून फसवला गेलेला बिचारा, एवढंच चित्र मला पटत नाही. तो स्वतः एका म्हातारीला गावात ठेवून आला होता. वाईट म्हणून नव्हे, नोकरीसाठी. त्याचा मुलगा पुण्याला, हैदराबादला, रियाधला गेला तोही नोकरीसाठीच. इथले बहुतेक जुने संच एकेक करून बंद झाले, आणि २०१५ ते २०१७ दरम्यान ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आले. हे तिघे मिळून जुन्या सातांपेक्षा कितीतरी जास्त वीज करतात. बापाच्या जागी पोरगा चिकटेल असे दिवस मात्र परत आले नाहीत.

एक साधा हिशेब करून पाहा. १९७४ साली पंचवीस वर्षांचा जो मुलगा कोराडीत लागला, तो अठ्ठावन्न वर्षांचा होऊन २००७ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आई-बापांना पोटगीचा हक्क देणारी ओळ कायद्यात आली होती, आणि निवृत्तीच्या वर्षी संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा स्वतंत्र कायदा केला. एका माणसाच्या नोकरीएवढ्या काळात देशाला दोनदा कायदा करून सांगावं लागलं की आई-बापांना सांभाळा.

त्या चौथ्या ओळीचं पुढे काय झालं? तिची खरी परीक्षा महाराष्ट्रातच झाली. कल्याणला एक डॉक्टर बाई होत्या. त्यांची आई १९४८ मध्ये वारली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. पुढे वडिलांनी कल्याणच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला की मी स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, मुलीने मला दरमहा पाचशे रुपये द्यावेत. मुलीचं म्हणणं असं की कलमातला शब्द पुल्लिंगी आहे, ‘त्याचे’ वडील किंवा आई. म्हणजे जबाबदारी मुलाची. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची. दंडाधिकाऱ्याने हे मानलं नाही, मुंबई उच्च न्यायालयाने मानलं नाही, आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाही. विजया अरबट विरुद्ध काशीराव सवाई या नावाने हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे. न्यायालयाने म्हटलं की या शब्दात स्त्रीही येते, आणि लग्न झालं म्हणून मुलगी ही मुलगी असायची थांबत नाही. अट एवढीच की तिची स्वतःची, नवऱ्याच्या मिळकतीपासून वेगळी, पुरेशी कमाई असावी आणि वडील खरोखर असमर्थ असावेत. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न फक्त मुलीवर असा अर्ज चालतो का, एवढाच होता. वडिलांना पैसे द्यावेत की नाही हे ठरायचं बाकीच होतं. बाप-लेकीचं आधी काय बिनसलं होतं हे निकालपत्रात कळत नाही. ते कळायची जागाही ती नव्हे.

हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात १९५६ पासून मुलीवरही म्हाताऱ्या आई-बापांची जबाबदारी होतीच. आणि आपल्याकडे? ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा ग्रंथ बाराव्या शतकात फरगान्याच्या बुरहानुद्दीन मरगीनानींनी लिहिला. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने त्याच्या भाषांतराचं काम सुरू झालं आणि चार्ल्स हॅमिल्टनचं इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये आलं. इंग्रजांची न्यायालयं पुढे त्यावरच चालली. त्यात गरजू आई-वडिलांच्या नफक्याची, म्हणजे निर्वाहाची, जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी आहे. आई-वडील दुसऱ्या धर्माचे असले तरी आहे. आणि भारतीय न्यायालयांनी मानलेल्या मुस्लिम कायद्यात आणखी एक नाजूक गोष्ट आहे. बाप गरीब असेल तर तो हातपाय हलवून कमावू शकतो का, हे मुलाने विचारायचं नाही. कलम १२५ मात्र बापाला आधी आपली असमर्थता सिद्ध करायला लावतं. कल्याणचा प्रश्न सुटायला १९८७ उजाडलं, पण आमच्या मदरशांत त्याचं उत्तर आठशे वर्षं शिकवलं जात होतं. शिकवलं जात होतं, एवढंच म्हणतो. किती लेकींना आणि जावयांना ते कोणी सांगितलं, हा वेगळा प्रश्न आहे.

कलम १२५ म्हटलं की मुसलमान वाचकाला एकच नाव आठवतं, शाहबानो. त्या प्रकरणावर एवढं बोललं गेलं की त्यातली बाई कोण होती हे मागेच राहिलं. इंदूरची. लग्न १९३२ मध्ये. घराबाहेर काढलं १९७५ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. १९७८ मध्ये अर्ज केला तेव्हा वय बासष्ट. तीन मुलगे, दोन मुली. दंडाधिकाऱ्याने महिना पंचवीस रुपये ठरवले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच आकडा कायम ठेवला. शरियत, समान नागरी कायदा, मोर्चे, निवडणुका, सगळं झालं. एका म्हाताऱ्या बाईने उरलेलं आयुष्य कोणासोबत काढायचं हा प्रश्न तिच्या बाजूच्यांनीही विचारला नाही आणि विरोधकांनीही नाही.

त्यानंतर १९८६ चा मुस्लिम महिलांचा कायदा आला. त्याच्या कलम ४ कडे फार कोणी पाहिलं नाही. घटस्फोटित बाई इद्दतीनंतर स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर जे नातेवाईक तिचे वारस होतील त्यांनी तो करावा. मुलं असतील तर आधी मुलांनीच. ती देऊ शकत नसतील तर तिच्या आई-वडिलांनी, मग इतर नातेवाईकांनी, आणि कोणीच नसेल तर वक्फ मंडळाने. म्हणजे ज्या कायद्यावर एवढं रणकंदन झालं, त्याने म्हाताऱ्या आईची जबाबदारी कागदावर तरी थेट मुलांच्या ताटात वाढली होती. जलशांतल्या भाषणांत मी पुष्कळ मुद्दे ऐकले. हा मुद्दा कधी ऐकला नाही.

२००७ च्या कायद्याने गोष्ट बरीच सोपी केली. हा सर्व धर्मांना लागू आहे. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात, सगळे जबाबदार. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याचं, वकील लागत नाही, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर कलम २३ प्रमाणे ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. आई-बापांना टाकून दिलं तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड. हे कलम २३ प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत असायला हवं. बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहून घ्यायला तर नक्कीच हवं. आपल्याकडे हिबा करताना भिडेपोटी ती लिहिली जात नाही.

लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस आणखी एक पाऊल टाकलं. आई-बापांकडे दुर्लक्ष करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते थेट आई-बापांच्या खात्यात भरायचे, असा ठराव केला आणि अमलातही आणला. ज्यांचे पगार कापले गेले त्यांत शिक्षकही होते. आमच्या स्टाफरूममध्ये या बातमीवर चर्चा झाली नाही. पेपर नुसता हातोहात फिरला.

पण या सगळ्या कायद्यांत निर्वाह म्हणजे काय? अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. सोबत त्यात नाही. न्यायाधीश मुलाला महिन्याला पाच हजार द्यायला लावू शकतो, बापासमोर अर्धा तास बसायला लावू शकत नाही. चीनने तसा प्रयत्न करून पाहिला. १ जुलै २०१३ पासून तिथल्या कायद्यात आली ती तरतूद अशी की वेगळे राहणाऱ्या मुलांनी आई-बापांना वरचेवर भेटायला गेलं पाहिजे. त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयाने एका मुलीला आदेश दिला की सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला दर दोन महिन्यांतून एकदा तरी भेटायचं, शिवाय वर्षातल्या किमान दोन सणांना. अशा हुकुमाने आलेली मुलगी आईसमोर काय बोलत असेल कोण जाणे. तरी मी त्या कायद्याला हसणार नाही. त्यांनी निदान भुकेचं नाव बरोबर लिहिलं. ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. हे श्रीमंत देश आहेत, त्यांच्याकडे पेन्शन आहे. आपल्याकडे कारखान्यातून निवृत्त झालेल्या कित्येकांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ पासून ठरलेलं किमान एक हजार रुपये मिळतं. म्हणजे आपला म्हातारा एकटाही आहे आणि गरीबही.

“हमारे यहाँ ओल्ड एज होम नहीं होते” हे वाक्य आमच्या मोहल्ल्यात अभिमानाने बोललं जातं. मला ते थोडं तपासावंसं वाटतं. नागपुरात मातृसेवा संघासारख्या, १९२१ पासून काम करणाऱ्या संस्थेने पंचवटी वृद्धाश्रम चालवला. तिथे जाणारे सगळे टाकलेलेच असतात असं नाही. काही जण तिथे सोबतीसाठी जातात. आणि वृद्धाश्रम नाही याचा अर्थ एकटं कोणी नाही असा होत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर मोठी पाहणी केली. तीत साठीवरच्या दर शंभरात साधारण सहा जण एकटे राहत होते, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट होतं. याचं कारण उघड आहे. नवरा वयाने मोठा, तो आधी जातो. पुरुष विधुर झाला तर साठीतही त्याचा निकाह लावायला चार जण धावतात. बेवा खालासाठी कोणी धावत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायची राहून जाते. अब्बा-अम्मीची खिदमत करा, असं जुम्म्याच्या बयानात मुलाला सांगितलं जातं आणि मुलगा घरी येऊन ते बायकोला सांगतो. शरियतने सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर कायदेशीर फर्ज केलेली नाही. ती करते तो तिचा एहसान आहे. फर्ज आहे ती मुलावर आणि मुलीवर. जुन्या घरातली ‘सोबत’ बहुतेक वेळा एका बाईच्या न मोजलेल्या कष्टावर उभी होती. म्हणून ती सोबत परत आणा असं म्हणणाऱ्याने आधी सांगावं की पथारी कोण बदलणार, रात्री पाणी कोण देणार. मुलगा देणार असेल तर मी पहिल्या रांगेत उभा आहे.

हातमागाकडे मी पुन्हा पुन्हा जातो ते यासाठीच. तिथे म्हाताऱ्या माणसाला दया नको होती, त्याच्या हाताला काम होतं. आमच्या ओळखीतले एक चाचा वीज केंद्रातून निवृत्त झाले, बायको गेली, मुलं बाहेर. मुलाने घरात कॅमेरा लावून दिला, म्हणजे तिकडून दिसतं. चाचा म्हणाले, “तो मला बघतो, मी कोणाला बघू?” आता ते संध्याकाळी गल्लीतल्या आठवी-नववीच्या पोरांना मोटार रिवाइंडिंग दाखवतात. पैसे घेत नाहीत. पोरं उशिरा आली की चिडतात, आणि चिडले की दोन दिवस खुशीत असतात.

कलम १२५ आता राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि तेच कलम १४४ झालं. चौथी ओळ तशीच आहे, पुल्लिंगी शब्दासकट. मदतीसाठी १४५६७ हा फुकट क्रमांक आहे, तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये घालून ठेवा. श्रावणबाळ योजनेचे पैसे, मिळतात तेव्हा, दीड हजार.

पण मी महादुल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं की सरकारने केलेली कोणती गोष्ट कामाची वाटली, तर कायद्याचं नाव कोणीच घेतलं नाही. बहुतेकांनी एसटी म्हटलं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे. आमच्या गल्लीत अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक खाला एकटी राहते. आधार कार्ड पिशवीत वरच ठेवते. कंडक्टरने मागायच्या आधी दाखवते. बुधवारी काटोलला लेकीकडे जाते, जाताना कधी जांभळं, कधी मेथीची जुडी. लेकीच्या घरी शेंगा सोलून देते, नातीची वेणी घालते, जावयाच्या तक्रारी ऐकते. लेक रोज म्हणते राहा, ती राहत नाही. संध्याकाळच्या गाडीने परत येते, कारण मांजर उपाशी असते आणि गुरुवारी पुन्हा शेजारणीला सगळं सांगायचं असतं.